पाच हातांचं कुलूप

मी कुलूप आहे. जुनं, पितळी, कडी तुटलेलं. मला कोणी फोडलं ते सांगतोच, पण मित्रांनो, मला गावात कोणी धाडलं ते आधी ऐका. माझा खरा राग त्यांच्यावर आहे.

नाशकात इब्राहिमचाचांनी मला घडवलं. काम चोख. १९३४ च्या सुमारास वरच्या साहेबांच्या डोक्यात आलं, की गावांनी आपला कारभार आपणच पाहावा. चांगली गोष्ट! पण अक्कल बघा. सडकेवरच्या पिंपळगावात मास्तर होते, कंपाउंडर होता, शिकलेले व्यापारी होते. पेठ तालुक्याकडच्या डोंगरातल्या आमच्या गावात स्वतःची सही करणारा एक माणूस नव्हता. तरी दोन्ही गावांना सारखंच दिलं: पाच पंच, पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की विहिरीत टाकायच्या औषधाची पेटी, आणि पेटीला कुलूप. आधी औषध टाकायला नाशकाहून माणूस यायचा. "आता तुम्हीच मुखत्यार," असं म्हणून त्याचं येणं बंद केलं. काय ती उदारता!

"पेटी पाची पंचांच्या संमतीनेच उघडा," एवढं सांगून साहेब गेले. आमच्याकडे संमती म्हणजे हातावर हात ठेवून घेतलेली आण. मग पंचांनी ठरवलं, पाची हात माझ्यावर पडल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. पेटी देवाशेजारी ठेवली, मला शेंदूर फासला. अरे, मी कुलूप, देव नव्हे! पण ऐकतो कोण?

उन्हाळ्यात तीन पंच गुऱ्हाळावर मजुरीला गेले. पोटासाठी दरसाल जावंच लागतं. साहेबांना हे विचारायला सवड कुठली? नेमकी तेव्हाच पटकी आली. चिमणाबाईचा नवरा बुधा पहिला गेला. तिची लेक तानू अजून धडधाकट होती, पण पाणी त्याच विहिरीचं पीत होती.

चिमणाबाई सरपंच यादवकडे गेली. "दादा, पेटी उघडा."

"तिघं नाय आलं अजून. पाची हात पडल्याबिगर कसं उघडू? साहेब बोलंल."

"तुमचं हात येईस्तवर माझी पोर राहील का? जळो तुमचं पंचपण!"

तिने दगड उचलला आणि माझी कडी तोडली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

औषध किती टाकायचं, कोणाला ठाऊक? तिने अख्खा डबा ओतला. पाणी गडद जांभळं झालं. लोक घाबरले आणि दरीतल्या झऱ्याचं पाणी आणू लागले. त्यानेच पटकी थांबली. तानू वाचली.

मग साहेब आले. नाक मुरडून म्हणाले, "सरकारी कुलूप फोडलं? या लोकांना अधिकार पचत नाही." पचेल कसा हो? रांधायला कोणी शिकवलं होतं?

यादव हात जोडून म्हणाला, "साहेब, औषध टाकणारा माणूस धाडा. आमाला शिकवूनशान जाऊ द्या." साहेबांनी मान डोलावली.

हल्ली तानू माझ्याशी खेळते. मित्रांनो, मला पुसू नका, तेलही घालू नका. कोणावर काही सोपवाल, तेव्हा ते करून दाखवायला त्याच्यापाशी बसा, एवढंच माझं मागणं.

पावसाळा सरल्यावर नाशकाहून बैलगाडी आली. शिकवणारा आला म्हणून सगळं गाव धावलं. चिमणाबाई तर तानूला कडेवर घेऊन सर्वांत पुढे. गाडीतून कोणीच उतरलं नाही. गाडीवानाने एक पुडकं यादवच्या हाती दिलं. त्यात नवं कुलूप होतं, माझ्या दुप्पट मोठं.