दामाजींचे दीड लिटर

मी लघवी मोजायचा जार. आता नाक कशाला मुरडता? माझ्यात जे येतं ते तुमचंच असतं!

सत्त्याण्णव साली ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात, हृदयाच्या वॉर्डात मी रुजू झालो. पांढरं प्लास्टिक, पोटावर निळ्या रेघा. भलेभले साहेब मला टॉवेलखाली लपवून नेताना मी पाहिलेत.

एकदा कोळीवाड्यातले दामाजी आले. हृदयाची नळी उघडताना ती एक्स-रेत दिसावी म्हणून डॉक्टरांनी रक्तात एक औषध सोडलं होतं. "ते किडनीला जड जातं. दिवसाला दीड लिटर लघवी झाली, तरच घरी," डॉक्टरांनी बजावलं.

दामाजींना घाई होती. शुक्रवारी त्यांच्या लेकीची, शेवंतीची हळद. कोळीवाड्यात हळद म्हणजे लग्नाहून दांडगी! पण लघवी काही होईना. मग पठ्ठ्यानं काय करावं? दर खेपेला चार थेंब माझ्यात टाकायचे आणि वर अर्ध्या लिटरच्या रेघेपर्यंत बाथरूमच्या नळाचं पाणी. तीन खेपांत दीड लिटर! तक्त्यावर तसंच चढलं.

मी कुणाला सांगणार? माझं तोंड नुसतं वर उघडं. पण मला खरंच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी कलावती सिस्टरनी मला उचललं आणि त्या थबकल्या. "काका, आत्ताच केलीत ना? मग जार थंडगार कसा?"

"एसीनं झाला असंल."

"या वॉर्डात एसी कुठाय?"

लगेच रक्त तपासलं. किडनीनं मान टाकायला घेतली होती. "आणखी एक दिवस गेला असता, तर मशीनवर घ्यावं लागलं असतं," डॉक्टर म्हणाले. घरी जाणं रद्द.

संध्याकाळी शेवंती तणतणत आली. "बाबा, तू नसशील तं मना हलद कोन लावील? मी पुढं ढकललीय. आता नाटकं बंद!" दामाजी ढसाढसा रडले. मलाही भरून आलं.

सलाईन आणि औषधं चालू राहिली. पाचव्या दिवशी दुपारी दामाजी मला घेऊन बाथरूममध्ये गेले. नळ बंदच होता, तरी अर्ध्या लिटरची रेघ ओलांडली. शेवंतीनं मला दोन्ही हातांत धरून वॉर्डभर मिरवलं. "गरम हाय! हात लावून बघा, गरम हाय!" भेटायला आलेले पाहुणे मोसंब्यांसकट मागे सरले.

आता माझ्या रेघा पुसल्यात. उत्तम नावाचा वॉर्डबॉय माझ्यात फिनेल ठेवतो. तक्रार नाही. एकच विनंती: माझ्या भाऊबंदांना खरं तेच द्या. अगदी थोडं असलं तरी चालेल. ते थोडं बघूनच डॉक्टर धावत येतात.