टीचर, काही करू नका

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, करंजीसारख्या नेवरीची कड दुमडता दुमडता सुमंगलाचा अंगठा मध्येच थांबला. पाटावरचा फोन थरथरला होता. तिने पिठाच्याच बोटाने तो दाबला आणि स्वयंपाकघरात एका मुलीचा आवाज भरला. भराभर, धापा टाकत, कळणार नाही अशा भाषेत.

"परत वाजलो गो तुजो मोबायल," समोर बसलेली जाऊ, गौरवी म्हणाली. "फाल्यां चवथ, तरी तुजी शाळा काय सुटणा ना."

एरवी सुमंगला हसली असती.

लग्न होऊन गोव्यात धारगळला येण्याआधी ती मालदीवच्या एका चिमुकल्या बेटावर शाळेत इंग्रजी शिकवायची. पंधरा-सोळा वर्षांची पोरं. ती आता मोठी झाली, कुणी बाप झाला, कुणी आई, तरी फोनवरचा त्यांचा गट चालू होता आणि त्यात ती अजून टीचरच होती. आज सकाळी हव्वाने तिथे इंग्रजीत लिहिलं होतं: यमानची बोट परवा गेली ती परत आलेली नाही. समुद्र फार वाईट आहे. टीचर, प्रार्थना करा.

त्यानंतर इंग्रजी संपलं.

लिहिलेलं असतं तर फोनने उलगडून दिलं असतं. पण कुणी लिहीतच नव्हतं. सगळे बोलत होते, एकावर एक, आपापल्या आईशी बोलावं तसे. सुमंगलाला त्यातलं 'मासा' कळायचं, 'उद्या' कळायचं. ती तेवढेच दोन शब्द शोधत कान लावून बसली होती. दोन्ही येत नव्हते.

यमान. निबंध कुठलाही द्या, तिसऱ्या ओळीत कुपा मासा हजर. 'माझी मावशी': माझ्या मावशीला कुपा आवडतो. 'वर्तमानपत्राचे फायदे': त्यात कुपा गुंडाळता येतो. वर्गात तोंड म्हणून उघडायचा नाही. लिहायचा, तेही

"चून भर गो, पीठ सुकता."

ही मांय. सासू पार्वती, दोन्ही सुना तिला मांय म्हणत. आदोळीवर बसून नारळ खोवत होती.

तेही वहीच्या कडेला, माशांची चित्रं काढून उरलेल्या जागेत.

"कोण बोलता गो तां?" मांयने विचारलं.

"तिकडची पोरां, मांय. एकाची होडी परत इली ना."

"मगे विचार तेंका."

"इचारलां. कोण बघणा ना."

पुन्हा विचारायचा तिला धीर नव्हता. ज्यांचा माणूस समुद्रात आहे त्यांनी हातातलं सोडून टीचरला समजावत बसायचं?

बाहेर गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधणारा तिचा नवरा रुद्रेश सुंभ मागायला आत आला. दोन आवाज त्यानेही उभ्या उभ्या ऐकले.

"हंयसून तू काय करतली, सांग," तो म्हणाला. समजुतीनेच म्हणाला. तेच वाईट होतं.

बेटावर राहून टीचरला पोहता येत नाही हे त्या पोरांना पटायचंच नाही. एका शुक्रवारी मुलींनी तिला कपड्यांसकट उथळ पाण्यात नेलं. हव्वाने मानेखाली हात धरला. सुमंगला हातपाय झाडतेय, नाकात पाणी, मुली हसून बेजार, आणि बांधावर बसलेला यमान, वर्षभर इंग्रजीचं एक वाक्य न बोललेला यमान, ओरडला, "टीचर, काही करू नका! काहीच करू नका!" इंग्रजीत. एकही चूक नाही. तिने अंग सोडलं. पाण्याने तिला उचललं. आभाळाकडे बघत ती तिथूनच ओरडली, "यमान, परत बोल! परत एकदा!" आणि पोरं सगळी

फोन थरथरला.

या वेळी पुरुषाचा आवाज. त्याच्यामागे कुणीतरी रडत होतं, किंवा हसत होतं. सुमंगलाने फोन कानाशी नेला आणि पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. श्वास दोन्हीतही तसाच तुटतो.

"गणपतीक सांग गो," गौरवी म्हणाली. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "फाल्यां घरात बसतलोच. गाराणां घालूया."

"त्याका आवय आसा?" मांयने यमानच्या आईचं विचारलं.

"आसा."

आदोळीचा आवाज थांबला. मग सुरू झाला, पण हळू.

फोनवरचे आवाजही थांबले. एकदम, कुणीतरी हात वर केल्यासारखे. गौरवीने कढई चढवली. तेल तापलं, पहिल्या नेवऱ्या सुटल्या, फुगल्या, निघाल्या. फोन गप्प. आणि मग पडद्यावर बारीक अक्षरांत उमटलं: हव्वा लिहीत आहे.

ओळ गेली. परत आली. गेली.

सुमंगला बघत राहिली. सापडला असता तर हव्वाने एकच शब्द फेकला असता, कसाही, चुकीचा. ही लिहीत होती आणि खोडत होती. टीचरला कळेल असं, टीचरला लागणार नाही असं काहीतरी जुळवत होती. जुळवायचे शब्द तिला सुमंगलानेच दिले होते.

हातातली नेवरी तिने ताटात ठेवली. कड मिटली नव्हती. आतलं गूळखोबऱ्याचं चून बाहेर आलं.

गुडघ्यावर हात देऊन मांय उठली. तिने फोनकडे पाहिलं नाही, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग ताट उचललं आणि गौरवीपुढे ठेवलं.

"हिच्यो उरलेल्यो तू कर. हिका आता नैवेद्याक हात लावूक दिवू नको."

"कित्याक?" गौरवीचा झारा कढईवर तसाच राहिला. "सुतक कसलां गो मांय? आमचो कोण लागता तो?"

"आमचो कोण ना," मांय म्हणाली. "घराक सुतक ना. चवथ जातली, गणपती बसतलो. हिका आसा."

ती सुमंगलापासून हातभर लांब उभी राहिली, शिवली नाही.

"न्हाणयेत ऊन पाणी आसा. ऊठ, बाय."

सुमंगला उठली. खाली पाटावर, पिठात, हव्वा अजून लिहीत होती.