वडाळ्याचा नवा राउटर

डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेल्या दीपिकाने रविवारी दुपारी वडाळ्याच्या केंद्रात आपल्या इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात नवा कोअर, म्हणजे मुख्य, राउटर जोडला. शहरातल्या कितीतरी हॉस्पिटलांची खासगी जोडणी आता त्यातून जाणार होती. एवढं मोठं काम तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

सगळे दिवे हिरवे झाले, तेवढ्यात परळच्या एका हॉस्पिटलमधून फोन आला. मेसेज जात होते, पण एक्स-रे अडकत होते.

"जुन्या मार्गावर परत टाक," तिने कळवताच तिचे वरिष्ठ हर्षवर्धन सर फोनवर म्हणाले.

"सर, जरा थांबा ना. छोटं जातंय, मोठंच अडकतंय. म्हणजे मार्ग बरोबर आहे."

बोलता बोलताच तिला सुचलं. या जाळ्यात माहितीच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे पॅकेटला, वाट दाखवणारं लेबल लागतं आणि त्याने पॅकेट थोडं मोठं होतं. नव्या लिंकवरची आकाराची मर्यादा मात्र जुनीच राहिली होती. तिने ती दोन्ही टोकांना वाढवली.

परळहून पुन्हा फोन आला. "मॅडम, आला! फुफ्फुसं एकदम स्वच्छ दिसतायत!"

दीपिका आनंदाने ओरडलीच.

"सर, जुन्या मार्गावर परत टाकू का?" तिने सरांना फोन लावून मुद्दाम विचारलं.

"हात लावू नकोस!" सर हसले. "आता भायखळ्याचा राउटरही तूच लाव."