समुद्राला कान लावणारी काठी

मित्रांनो, जमिनीखालचे पाणी डोळ्यांना दिसत नाही. ते ऐकावे लागते. त्यासाठीच माझा जन्म झाला. मी नळाची गळती शोधणारी एक जुनी पोलादी काठी आहे. माझे एक टोक निमुळते आहे, तर दुसऱ्या टोकाला कान टेकवण्यासाठी पितळी चकती आहे. उल्हासनगरच्या एका लेथवर मी घडले. मला हाती देताना कारागीर माझ्या मालकांना म्हणाला, "जयदेवभाऊ, आजपासून तुम्ही नळाचे डॉक्टर! फी काय घेणार?"

जयदेव हे चामटोलीचे. पाणीपुरवठ्यात फिटर. बुवापाड्यात रस्ता ओला दिसे, पण वाहिनी नेमकी कुठे फुटली हे कळत नसे. ते मला वाहिनीवर टेकवत, चकतीला कान लावत आणि एक हात वर करत. तो हात वर गेला की गल्ली गप्प होई. मिक्सर थांबे, रिक्षावालाही इंजिन बंद करी. मग त्या शांततेत दबलेल्या पाण्याची बारीक शीळ माझ्या अंगातून चढत त्यांच्या कानी पोचे. "खणा इथं," ते म्हणत. लोक त्यांची वाहवा करत, आणि मी उगाच ताठ उभी राहत असे.

पुढे गळती शोधणारे विजेचे यंत्र आले. जयदेव निवृत्त झाले. मी पाण्याच्या टाकीमागे पडून गंजले. काचबिंदूने त्यांची नजर मंदावली, तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. त्यांनी माझा गंज घासून काढला, निमुळत्या टोकावर रबरी टोपण चढवले, आणि मी त्यांची चालायची काठी झाले.

त्यांची मुलगी जिज्ञासा कॅनडात नोकरी करते. लहानपणी ती ऑर्का नावाच्या काळ्या-पांढऱ्या देवमाशांची चित्रे दाखवून म्हणे, "बाबा, हे तुम्हाला मी खरेखुरे दाखवणार." तिने आईबाबांना तिकडे बोलावले तोवर बाबांच्या डोळ्यांत केवळ उजेड-अंधाराचा फरक उरला होता.

तरी ऑर्का दाखवायला ती दोघांना बोटीने घेऊन निघाली. बोट बंदराबाहेर पडली तशी ती म्हणाली, "बाबा, मी उशीर केला."

"काय उशीर? तुझी आई बघेल, मला सांगेल. जन्मभर ऐकवतेच आहे ना!"

"ऐकता कधी?" तिच्या आईने, गोदूबाईंनी, टोला हाणला. पण त्याही डोळे पुसत होत्या.

तिकडच्या नियमाप्रमाणे कप्तानाने बोट ऑर्कांच्या वाटेपासून पुष्कळ लांब थांबवून इंजिन बंद केले. सारे प्रवासी कठड्याकडे धावले. जयदेव बाकावरच बसून राहिले. सवयीने त्यांनी माझे टोपण काढले, मला पायाखालच्या डेकवर टेकवले आणि चकतीला कान लावला. त्यांचा चेहरा एकदम बदलला. हात वर गेला.

"जिज्ञासा, बोटीला गळती आहे!"

"अगो बाय!" गोदूबाई ओरडल्या. "हितं पन गळती? आता समुद्राचं पानी बंद करा!"

जिज्ञासाने घाबरून कप्तानाला सांगितले. तो टॉर्च घेऊन खाली उतरला, तळ तपासून वर आला आणि हसत पाण्याकडे बोट दाखवू लागला.

"बाबा," जिज्ञासा म्हणाली, "खाली सगळं कोरडं आहे. आवाज बोटीचा नाही. त्यांचा आहे!"

मित्रांनो, आयुष्यभर मी फुटलेल्या नळांचे रडगाणे वाहिले होते. त्या दिवशी माझ्या अंगातून समुद्र बोलत होता. लांबलचक शिट्या, दार करकरावे तसे सूर, मध्येच खड्यांसारखी टकटक. एक हाक येई, आणि दूरवरून तिला उत्तर येई. माझे पोलाद शहारले. जयदेवांचा हात अजून वरच होता. तो पाहून एकेक प्रवासी गप्प झाला.

"एक आवाज बारीक आहे," जयदेव कुजबुजले. "तो हाक मारतो. जाडा आवाज लगेच ओ देतो."

तेवढ्यात पाणी फाटले आणि माणसाएवढा काळा पंख वर आला. मग दुसरा, तिसरा. "हाय, हाय!" कठड्यावरून गोदूबाई म्हणाल्या. "बारकं हाय वो! आयशीला चिकटून चाललंय!"

जयदेवांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळले. त्यांनी चाचपून लेकीचा हात धरला, तिला शेजारी बसवले आणि चकती तिच्या कानापाशी नेली.

"ऐक. वेळेवर आणलंस."

परतीच्या वाटेवर कप्तानाने सांगितले, की बोटींच्या घरघरीत या प्राण्यांना एकमेकांची हाक नीट ऐकू येत नाही. तेव्हापासून माझे मागणे बदलले आहे. मला तेल लावा किंवा लावू नका. मी गंजले तरी चालेल. पण मित्रांनो, अशा थोर जिवांच्या दारी जाल, तेव्हा लांबच थांबा आणि आधी इंजिन बंद करा. आत कोणाची तरी आई आपल्या लेकराला ओ देत असेल.