वाडीला पडलेला वळसा

मयुराची गाडी तिसऱ्यांदा ओहळात रुतली, तेव्हा रखमाबाई ओसरीवर मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. गाडी म्हणजे आडव्या कपाटाला सहा चाकं लावावीत तसा प्रकार. तिला ना ड्रायव्हर, ना स्टिअरिंग. दवाखान्यातली औषधं पोटात घालून झाईच्या रस्त्यापासून मागच्या पाड्यापर्यंत तिनं आपली आपण जायचं. नातीनं मुंबईत दोन वर्षं खपून ती बनवली होती आणि चाचणीला हौसेनं आजीचं गाव निवडलं होतं.

पाड्याचा रस्ता कुठल्याच नकाशात नाही. म्हणून मयुरानं पाड्यातल्या वीस जणांकडे पंधरा दिवस एकेक फोन देऊन ठेवला. ते चालतील ती वाट गाडीनं शिकायची.

"ताई, पुढची गाडी होडीच बनवा," चिखलातून गाडी ढकलून आलेला पाड्यातला बाळ्या म्हणाला. मागून पाड्यातलीच म्हातारी शुक्री आली, गुडघ्यापर्यंत माखलेली. ती हसली नाही.

मयुरा रडकुंडीला आली होती. "उद्या कंपनीचे साहेब येतायत, आजी. उद्याही रुतली तर गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नेणार. आणि हे बघ." तिनं लॅपटॉप आजीच्या मांडीवर ठेवला. त्या वीस फोनांच्या वीस रेघा सरळ येत होत्या, मग एकाच जागी वळून, ओहळात उतरून, मैलभर वळसा घालून पाड्याला जात होत्या. "सगळे इथंच का वळतात? मधे आपल्या वाडीत दलदल आहे का?"

मधल्या कोऱ्या जागेत रखमाबाईंची चिकूची वाडी होती.

"साप आहेत तिथं," त्या म्हणाल्या आणि मिरच्या निवडू लागल्या.

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पाड्याची वाट वाडीतूनच जायची. पहाटे बायकांचं हसणं माजघरात ऐकू यायचं. त्यात शुक्रीचं सगळ्यात मोठं. मग एका चैत्रात शुक्रीच्या पदरात झाडाखाली पडलेले पाच चिकू सापडले. शुक्री पोटुशी होती. अंगणात उंबरगावचे व्यापारी बसले होते, आणि त्यांच्यादेखत रखमाबाईंनी तिला पदर झाडायला लावला होता. दुसऱ्या दिवशी वाडीभोवती काटेरी तार ठोकली गेली. चाळीस वर्षं झाली त्याला. तार गंजली, पडली, भंगारात गेली. वाट मात्र कुणी पुन्हा धरली नाही.

"मावशी, साप खूप आहेत का हो वाडीत?" मयुरानं शुक्रीला विचारलं.

शुक्रीनं एकदा रखमाबाईंकडे पाहिलं. "हां," ती म्हणाली. "खूप हायेत."

तिनं खरं सांगितलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती रखमाबाईंचीच अब्रू झाकतेय हे पाहून त्यांच्या कानशिलांतून आग निघाली. हातातली मिरची सुपात पडली.

"साप नाहीत गं," त्या म्हणाल्या. "वाट मी बंद केली होती." मग चिकू, पदर, व्यापारी, सगळं सांगितलं, मान वर न करता. मयुरा लॅपटॉप उचलून अंगणात जाऊन बसली. आजीला ते बोलण्याहून जास्त लागलं.

"शुक्री, उद्यापासून तुम्ही सगळे वाडीतून जा."

"तुमची गाडी जाऊं दे, बाय," शुक्री शांतपणे म्हणाली आणि ओहळाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मयुरा स्वतः फोन घेऊन वाडीतून चालून आली, आणि मग गाडी वाडीतून गेली. पडलेल्या चिकूंवरून चाकं फिरली, आणि अकरा मिनिटांत औषधं पाड्यावर पोचली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. रखमाबाई घराबाहेर आल्या नाहीत.

महिन्याभरानं त्याच वीस जणांना पुन्हा फोन देऊन मयुरा नव्या रेघा घेऊन आली. "बघ आजी, लोकही येऊ लागले वाडीतून. एकोणीस जण. एकच रेघ अजून ओहळातून जाते. फोनला नुसते नंबर आहेत, त्यामुळे कोण ते कळत नाही."

रखमाबाईंना कळलं.

सकाळी त्या काठी घेऊन निघाल्या. वाटा जिथं फुटतात तिथं एक दगड होता, त्यावर बसून राहिल्या. सूर्य कासराभर वर आला. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन शुक्री आली आणि थांबली.

"हितं काय करतेस, बाय?"

"तुझी वाट बघत होते. चल, मी पण येते."

"वाडीतून?"

"नाही," रखमाबाई म्हणाल्या. "तू जातेस तिकडून."

शुक्रीनं त्यांच्या काठीकडे पाहिलं, त्यांच्या पायांकडे पाहिलं. "चिखलात पडशील."

"पडले तर पडले."

शुक्री ओहळात उतरली, आणि मागे वळून न पाहता, नेहमीपेक्षा हळू चालू लागली.