घाणेरीखालची फोडशी

मुक्ताबाईनं उन्हाळ्यात आपल्या उतारावरची घाणेरीची झुडपं अशी काही उपटली, की डोंगरावर न्हाव्यानं वस्तरा फिरवलाय असं वाटावं. शेजारचा उतार तिच्या थोरल्या जावेचा, सरूबाईंचा. गुडघे धरल्यामुळं त्यांनी एक झुडूपसुद्धा काढलं नव्हतं.

"आक्का, तुमच्या रानात यंदा वाघ नांदंल," मुक्ताबाई जाता-येता चिडवायची. सरूबाई हसून पानाला चुना लावायच्या.

भुशी गावाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. तिथली रीत अशी, की पावसाळ्यातली फोडशीची पहिली रानभाजी ज्या घरी शिजेल, त्या घरानं दारोदार वाटीभर भाजी पोचवायची. तोवर कुणी ती तोंडात घालायची नाही. हा मान वर्षानुवर्षं मुक्ताबाईचा. पण वर्षागणिक ऊन वाढत गेलं तशी घाणेरी माजली, फोडशी तिच्याखाली घुसमटली आणि वाट्या निम्म्याच भरू लागल्या. मुक्ताबाईला ते फार लागलं होतं. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

मृगाच्या सरींनी कोंब तरारून वर आले. यंदा वाट्या काठोकाठ, असं तिनं वाडीभर सांगूनही टाकलं. आणि पावसानं दडी मारली. आताशा त्याचं असंच झालंय. कोसळतो तेव्हा ओढे रस्त्यावर येतात, नाहीतर पंधरवडाभर तोंड दाखवत नाही. मृगातच चैत्राचं ऊन पडलं आणि बोडक्या उतारावरची कोवळी पाती करपून गेली. मुक्ताबाई वाकून एकेक पातं चाचपू लागली. वाडीला आता काय सांगायचं?

"मुक्ते, हिकडं ये," सरूबाईंनी आपल्या उतारावरून हाक मारली.

त्यांच्या दाट घाणेरीखाली काहीच नव्हतं, नुसती काळी माती. पण कडेला, जिथं झुडपं विरळ होती, तिथं सावलीत फोडशी हिरवीगार उभी होती.

"घाणेरीनंच राखली व्हय ही?"

"मला काय ठावं? माझं गुडघं दुखत्यात म्हणून ऱ्हायली."

मुक्ताबाईला हसू आणि रडू एकदमच आलं. "मग आक्का, यंदाचा मान तुमचा."

"मला कुटं चुलीपुढं बसवतंय! भाजी माझी, शिजवायची तू."

वाट्या काही काठोकाठ भरल्या नाहीत, पण एकही दार चुकलं नाही. शेवटची वाटी सरूबाईंच्या हातात ठेवून मुक्ताबाई घराकडे निघाली तेव्हा तिला अगदी सुखावल्यासारखं झालं होतं. वाटेत आपल्या उतारावर तिला नवरा दिसला. महिपती बांधाच्या कोपऱ्यातल्या एकुलत्या एक घाणेरीवर कोयता उगारून उभा होता.

"ही एवढी एकच चुकून ऱ्हायलीय बघ."

मुक्ताबाईनं धावत जाऊन त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या वं तिला. खाली तर बघा."

घाणेरीच्या बुडाशी फोडशीची चार पाती ताठ उभी होती. तिच्या स्वतःच्या उतारावरची.