अर्लिस म्हणेल ती बाजू

पॉइंट टू टू बंदुकीची गोळी म्हणजे वाटाण्याहून बारीक शिशाचा तुकडा. जवळच्या डब्यावर मारायला ठीक. पण काही माणसांना तिने चारशे यार्डांवरची लोखंडी पाटी वाजवायची असते. गोळी सुटते आणि मग वाट बघावी लागते. एवढी की माणूस श्वास सोडून, मनातल्या मनात बायकोशी एक लहानसं भांडण उरकून पुन्हा नेमावर येऊ शकतो. तेवढ्यात वारा गोळीला हातभर बाजूला लोटून देतो. आणि नेब्रास्काच्या या पश्चिम टोकाला दुसरं काही नसलं तरी वाऱ्याला तोटा नाही. नेम चुकला की इथला प्रत्येक जण वाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. नाचता येईना अंगण वाकडं. त्यातून इथलं अंगण भलतंच लांब.

ऑरिन कोझाकने मात्र उभ्या आयुष्यात वाऱ्याला शिवी दिली नव्हती. त्याचा वारा त्याची बायको अर्लिस बघायची.

जोडीच्या स्पर्धेची रीत सोपी. एकाने पालथं पडून बंदूक चालवायची, दुसऱ्याने मागे खुर्ची टाकून दुर्बिणीतून गवत निरखायचं आणि वारा ज्या बाजूने येतोय ती बाजू सांगायची. "डावीकडे चार" म्हटलं की बंदुकीवरच्या दुर्बिणीची घुंडी शून्यापासून मोजून डावीकडे चार टिचक्या फिरवायची. मान वर करायची नाही, वाद घालायचा नाही. सांगितलं ते फिरवलं, हा कायदा. नेमबाजीच्या क्लबातल्या निम्म्या लोकांना तो ऑरिननेच शिकवलेला. त्याला घुंडीवरच्या खुणा बघायचीही गरज नव्हती. अंधारात दिव्याचं बटण सापडावं तशी त्याची बोटं तिथे जायची.

त्या शनिवारी ऑरिन जिंकायला आलाच नव्हता. तो अर्लिसची परीक्षा घ्यायला आला होता.

अर्लिसचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. हे वाक्य त्याने अजून कुणापुढे उच्चारलं नव्हतं, स्वतःपुढेसुद्धा दबक्या आवाजात. पण मक्याची कापणी झाली तेव्हापासून काहीतरी बिनसलं होतं खरं. एकदा तो कॉफी करून गोठ्याकडे गेला, परत येतो तर स्वयंपाकघरात रिकामी किटली तापून काळी पडलेली आणि शेगडी मोठ्या आचेवर. आपण बंद केली होती हे त्याला पक्कं आठवत होतं. अर्लिस म्हणाली, "माझंच चुकलं. मीच लावली असेन." दुसऱ्यांदा, लेकीच्या नव्या घरी जाताना. जॅनेलने फोनवर बजावलं होतं, जुन्या सायलोपाशी, त्या उंच धान्यकोठीपाशी, उजवीकडे वळा. सायलो आला आणि अर्लिस शांतपणे म्हणाली, "डावीकडे." ऑरिनने भांडण नको म्हणून डावीकडे गाडी घातली, आणि समोर जॅनेलचं घर! तो चक्रावला. पण पोचलो ना, म्हणून त्याने विषय सोडला. मनात मात्र तो अर्लिसच्या खात्यावर मांडून ठेवला.

सोमवारी स्कॉट्सब्लफच्या डॉक्टरची वेळ घेतली होती, अर्लिसच्या नावाने. ती इतक्या चटकन "बरं, जाऊ" म्हणाली की त्याला तेही लक्षणच वाटलं. मग त्याने मनाशी ठरवलं, शनिवारी तिने वारा नीट सांगितला तर सोमवारचं रद्द करून टाकायचं. नाही सांगितला तर... त्यापुढे त्याचा विचार जात नव्हता. चाळीसेक वर्षं जिच्या शब्दावर नेम धरला, तिला पुढे कुठे नेऊन ठेवायचं?

पहिला टप्पा दोनशे यार्डांचा. अर्लिसने नेहमीप्रमाणे घुंडी शून्यावर आणून बंदूक त्याच्या हातात दिली. हल्ली हे काम तीच करायची. म्हातारीची माया, असं तो समजायचा. तो पालथा झाला.

"डावीकडे चार," अर्लिस म्हणाली.

त्याने फिरवल्या, चाप ओढला. पाटीच्या उजव्या अंगाला, पार लांब, धूळ उडाली.

"चुकली," गुण लिहिणारी ट्वायला म्हणाली.

दुसरीही तिथेच. ऑरिनला काही उमगेना. वारा डावीकडचा, टिचक्या डावीकडे, आणि गोळी उजवीकडे पळतेय म्हणजे काय? मग मागून अर्लिसचा आवाज आला, अगदी नेहमीचा. "उजवीकडे चार."

मान वर करायची नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून खांबावरची फीत त्याला दिसत होती. ती डावीकडून उजवीकडेच फडफडत होती. एका मिनिटात वारा कुठे फिरतो का? पण कायदा म्हणजे कायदा. त्याने फिरवलं.

ठण्ण!

आणि पुन्हा ठण्ण, आणि पुन्हा.

"तीन," ट्वायला म्हणाली. ऑरिनला आनंद व्हायला हवा होता. त्याचं डोकं मात्र भणभणलं होतं.

दुसऱ्या टप्प्यावर तीच तऱ्हा. गवत उजव्या अंगाला लवलेलं, म्हणजे वारा चक्क डावीकडचा, आणि अर्लिस म्हणते उजवीकडे सहा. तो निमूट फिरवतो आणि पाटी वाजते. पाचच्या पाच! मागच्या रांगेत गेलन रिफेल उभा होता. बीटच्या शेतीतला चाळिशीचा गडी, जिभेला हाड नसलेला.

"म्हातारबुवा," तो ओरडला, "गवत सांगतंय डावीकडे, बाई सांगतायत उजवीकडे, आणि तुमची पाटी वाजतेय! तुम्ही दोघं कुठल्या नेब्रास्कात राहता?"

"तुझ्या नेब्रास्कात तू चार चुकवल्यास ना?" अर्लिस दुर्बिणीवरून डोळा न हलवता म्हणाली. "मग तोंड मिट आणि बंदूक पूस."

सगळे हसले. ऑरिनही हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. तिला बाजूच कळत नाहीये, आणि तरी पाटी वाजतेय. बंदुकीवरची दुर्बीण बिघडली असेल? पण मग काल घरामागे, वाऱ्याचं नाव नसताना, गोळ्या एकाच भोकात कशा गेल्या? जितका विचार करावा तितका गुंता वाढत होता.

जेवणाला चिली, म्हणजे खिमा-राजम्याची तिखट आमटी, आणि दालचिनीचा रोल, शाळेतल्या जेवणापासून इथे चालत आलेली जोडी. अर्लिस बायकांच्या टेबलावर गेल्याचं बघून गेलन ऑरिनजवळ सरकला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"रागावू नका, पण एक सांगू? माझ्या आजीचं अस्संच सुरू झालं होतं. आधी उजवं-डावं गेलं. मग आमची नावं गेली."

"अर्लिस ठीक आहे," ऑरिन म्हणाला.

"असेल हो. पण शेवटच्या टप्प्याला सगळा क्लब मागे उभा राहतो. त्यांच्यादेखत बाईंचं हसं नको व्हायला. तुम्हाला दिसतोच ना वारा? मग तुमचं तुम्ही फिरवा. कुणाला कळतंय?"

ऑरिनने रोलचा तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवून दिला. कायदा मोडायचा, तोही तिच्या पाठीमागे. पण तिची लाज राखायला मोडला तर काय बिघडलं? पाटी वाजेल, तिच्या नावाने टाळ्या पडतील, आणि सोमवारचं सोमवारी बघता येईल.

शेवटचा टप्पा चारशे यार्डांचा. मागे खुर्च्यांची रांग लागलेली. अर्लिसने घुंडी शून्यावर आणली, बंदूक दिली, त्याच्या खांद्यावरची माती झटकली.

"उजवीकडे दहा," ती म्हणाली.

ऑरिनने एकदाच मान वर केली. सगळं कुरण डावीकडून उजवीकडे वाहत होतं. शंकेला जागाच नव्हती. अगं माझे राणी, तो मनात म्हणाला, आणि घुंडी डावीकडे दहा टिचक्या फिरवली. चाप ओढला आणि वाट बघितली.

धूळ उडाली ती पाटीच्या उजवीकडे, इतकी लांब की मागे कुणीतरी शीळ घातली.

त्याने पुन्हा तसाच नेम धरला. पुन्हा तिथेच धूळ. डावीकडचा वारा, डावीकडे दहा. मग गोळी मधोमध हवी. हे गणित तो अर्ध्या तालुक्याला शिकवत आला होता.

"ऑरिन," अर्लिस अगदी हळू म्हणाली, "तू माझं ऐकलं नाहीस."

"तू... तू उलटं सांगतेयस गं."

"हो. उलटंच सांगतेय."

त्याला काही समजेना. मग त्याने जे कितीतरी वर्षांत केलं नव्हतं ते केलं. चष्मा पुढे ओढला आणि घुंडीवरच्या खुणांकडे डोळ्यांनी बघितलं. बाण उजवीकडे दहावर होता.

त्याने डावीकडे फिरवली होती. बोटांना अजून ते फिरवणं आठवत होतं. आणि बाण उजवीकडे होता. क्षणभर त्याला वाटलं, घुंडीच खोटं बोलतेय. मग त्याला शेगडीची घुंडी आठवली, मोठी आच आठवली, आपण ती 'बंद' केली होती ते आठवलं. सायलोपाशी अर्लिस म्हणाली होती डावीकडे, आणि गाडी बरोबर घरापुढे गेली होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"कापणीपासून. रोज नसतं. काही दिवस तुझा हात अगदी बरोबर असतो. म्हणून पहिल्या दोन गोळ्यांना सरळ सांगते, आज कुठला हात घेऊन उठलायस ते बघायला. मग त्याप्रमाणे सांगते."

"आणि शेगडी?"

"म्हटलं ना, माझं चुकलं म्हणून. लोकांनी मला वेडी म्हटलेलं चालतं मला. तुला या मातीवरून उठवलेलं नाही चालत. आता बोलू नकोस, वेळ चाललीय. उजवीकडे दहा."

ऑरिनने डोळे मिटले. उजवीकडे, असं मनाशी म्हणत बोटांना जायचं तिकडे जाऊ दिलं. बाणाकडे बघितलं नाही. चाप ओढला.

वाट बघितली.

ठण्ण!

मागे टाळ्या पडल्या. गेलनची आरोळी सगळ्यात मोठी. ऑरिनच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी सुंदर गोळी त्याने क्वचितच मारली असेल, आणि ती त्याची नव्हतीच.

त्याने गोळ्यांचं मॅगझिन काढलं, नळी बंद करणारा बोल्ट मागे ओढला, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि बोल्ट बाहेर काढून अर्लिसच्या हातात दिला.

"अहो ऑरिन, दोन शिल्लक आहेत!" ट्वायला म्हणाली. "दोन्ही वाजल्या तर पहिला नंबर आहे!"

"राहू देत." तो गुडघ्यांवर कसाबसा उठला. ज्याला आपल्याच हाताची शंका आली त्याने बोल्ट उघडायचा, हेही त्यानेच या सगळ्यांना शिकवलं होतं. "ऐका रे. अर्लिसचा वारा आज शंभर टक्के बरोबर होता. चूक माझी आहे. मला डावं-उजवं कळेनासं झालंय."

टाळ्या थांबल्या. गेलनने टोपी काढली आणि हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"कशाला सांगितलंस?" सामान गाडीत टाकताना अर्लिस रागाने रडत होती. "मी सांभाळत होते ना! मरेपर्यंत सांभाळलं असतं!"

"ठाऊक आहे." त्याने खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली. "सोमवारी डॉक्टरला काय सांगणार होतीस? तुझ्या नावाने वेळ घेतलीय मी."

"गुरुवारीच फोन करून नाव बदललं," ती नाक पुसत म्हणाली. "तू स्वतःसाठी आला असतास का? माझ्यासाठी म्हटल्यावर हॅट घालून तयार झाला असतास."

तो तिच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसला. तिथून रस्ता वेगळाच दिसत होता, ओळखीचा आणि तरी परका. बीटची शेतं गेली, रेल्वेचे रूळ गेले. तो हात मांडीवर ठेवून आळीपाळीने दोन्हींकडे बघत होता. लांबून सायलो दिसायला लागला तसा तो जरा सावरून बसला. सायलोअलीकडचा घरचा फाटा तर त्याला झोपेतही कळला असता.

"इथे डावीकडे," तो म्हणाला.

अर्लिसने गाडी उजवीकडे वळवली, आणि थोड्या वेळाने त्यांचं घर आलं.